टाकी धुण्याचे दिवस

होळी झाली की मला राग येऊ लागतो. घरच्यांना हे पाठ झालं आहे. माझे यजमान त्या दिवसांत माझ्याशी जपून बोलतात, सून चहा न विचारताच समोर ठेवते. बाहेर आंब्याचा मोहोर गळत असतो, गहू काढायला आलेला असतो, लोक म्हणतात, किती छान हवा आहे. मला मात्र त्याच हवेत कुठून तरी गंजाचा वास येतो.

परवा घोडेगावहून एसटीनं शिनोलीकडे निघाले होते, नणंदेला भेटायला. वाटेत गाडी थांबली. रस्त्याच्या कडेला, एका गॅरेजपुढं, ट्रॅक्टरला जोडायची पाण्याची टाकी उभी होती. पावसाळ्यापासून पडून असलेली. चाकांभोवती गवत वाढून वाळलेलं. एक माणूस वर चढला होता. त्यानं झाकण उघडलं, दोन बादल्या पाणी आत ओतलं, झाकण आपटलं आणि हात झटकत खाली उतरला. झालं. टाकी धुतली!

मी पिशवी उचलली आणि उतरले. कंडक्टर म्हणाला, "आजी, शिनोली पुढं हाय अजून." मी मागं पाहिलं नाही.

"टाकी कशाला काढली?" मी त्या माणसाला विचारलं.

"वरच्या गावांला पाणी न्यायला. उद्यापासून चालू."

"धुतली का?"

"आत्ताच की, मावशी. तुमी बघितलं न्हाई का?"

"बघितलं म्हणूनच विचारते. आत उतरला होतास?"

तो हसला. "आत कशाला उतरायचं? पाणीच तर भरायचंय."

पाणीच तर भरायचंय! हे वाक्य मी याआधी एकदा ऐकलं आहे. त्या वेळी मी काही बोलले नव्हते. या वेळी इतकं बोलले, की गॅरेजातली दोन माणसं पाना हातात घेऊन बाहेर आली. शेवटी त्यानं केवळ माझं तोंड बंद व्हावं म्हणून खालचा कॉक उघडला. आतून चहाच्या रंगाचं पाणी आलं आणि त्याबरोबर पापुद्रे, काळे-तांबडे, सापाच्या कातीसारखे. पुढच्या गाडीनं उशिरा नणंदेकडे पोचले. तिनं विचारलं, काय झालं? काय सांगणार?

आता इथं सांगते.

मी आरोग्यसेविका होते. लोकांच्या भाषेत नर्सबाई. माहेर मंचरकडचं, बटाट्याच्या आणि कांद्याच्या शेतीतलं. मोटारीचं बटण दाबलं की पाटात पाणी, एवढंच मला पाण्याबद्दल ठाऊक. नव्वद सालानंतर काही वर्षांनी माझी बदली जुन्नरच्या पश्चिमेला झाली, पार नाणेघाटाच्या अंगाला. घाटघरच्या पलीकडची एक वाडी माझ्या उपकेंद्राखाली होती. जूनमध्ये गेले तेव्हा चार महिने नुसतं धुकं आणि पाऊस. कपडे वाळत नव्हते, काडेपेटी पेटत नव्हती. भिंतींना बुरशी. एवढ्या पाण्याच्या गावाला कधी पाणी कमी पडेल हे कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

फाल्गुनात हसू गेलं. ओहोळ आटले, खडक उघडे पडले. डोंगरउतारावर नाचणीच्या रोपांसाठी राब, म्हणजे पाला-गोवरी पसरलेली जमीन, भाजायला सुरुवात झाली, तो धूर दिवसभर वाडीवर बसून राही. बाया हिरडा गोळा करायला रानात जायच्या आणि येताना खाली घळीत उतरून झिऱ्यातून पाणी आणायच्या. झिरा म्हणजे वाळूत खणलेला हातभर खड्डा. त्याच्याशी बसायचं, करवंटीनं एकेक घोट उपसून हंड्यात घालायचा, पुन्हा पाणी साठेपर्यंत थांबायचं. एका हंड्याला तास जाई. आणि पावसाळ्यात ह्याच डोंगरावरून धो धो वाहून गेलेलं पाणी खाली धरणात निळंशार अडवलेलं, वाडीच्या कड्यावरून रोज दिसायचं. ते कालव्यानं माझ्या माहेरच्या बाजूला जायचं. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी कड्यावर बराच वेळ उभी राहिले होते. राग तेव्हाच आला असावा, पण तेव्हा मला तो ओळखता येत नव्हता.

मार्चच्या अखेरीस वाडीला टँकर मंजूर झाला. टँकर म्हणजे ट्रॅक्टरमागं ओढायची लोखंडी टाकी. ती तालुक्याला एका ऑफिसच्या आवारात चिंचेखाली उभी असे. ऑफिसचं नाव मी घेत नाही. आठ महिने पडून असलेली टाकी पिण्याच्या पाण्यासाठी सुरू करायची, तर त्याची रीत असते. झाकण उघडून आत माणूस उतरवायचा. गंज आणि शेवाळ घासून काढायचं. पाणी हेलकावू नये म्हणून आत आडवे पत्रे असतात, त्यांच्या मागं गाळ साठतो, तो हातानं काढायचा. कॉकचा वायसर बदलायचा, रबरी पाइप तपासायचा. तीनदा खळबळून पाणी सोडायचं. मग टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंगची, पावडर पाण्यात कालवायची, निवळू द्यायची, वरची निवळी टाकीत घालायची, भरलेली टाकी काही तास तशीच ठेवायची आणि ते पाणी ओतून द्यायचं. त्यानंतर ताजं पाणी भरून त्यात क्लोरीन आहे का ते बघायचं. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, ओटी नावाच्या औषधाचे दोन थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की पाणी चांगलं. हे सगळं मला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं होतं. मला येत होतं. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

त्या ऑफिसातल्या साहेबांनी मला बोलावून एक कागद पुढं केला. टाकी स्वच्छ केली, निर्जंतुक केली, तपासली. खाली माझ्या सहीची जागा.

"साहेब, टाकी बघून येते," मी म्हटलं.

"अहो बाई, धुतलीय पोरांनी. चांगली विहीर आहे, स्वच्छ पाणी. टाकीचं काय एवढं? पाणीच तर भरायचंय."

खिडकीतून टाकी दिसत होती. तीस पावलं असतील. चारची एसटी चुकली असती तर मुक्काम पडला असता, आणि घरी धाकट्या लेकीची परीक्षा होती. मी सही केली. माझी सही सुंदर आहे, शाळेत त्यासाठी बक्षीस मिळालं होतं.

टँकर वाडीत आला तेव्हा लोक किती खूश झाले! बायांनी हंडे राखेनं घासून रांगेत लावले. रांगेत पहिली हौसाबाई. वय साठीच्या आसपास, काळी, काटक, वाडीत कुणाचं बाळंतपण असलं की माझ्या आधी ती पोचलेली असायची. तिच्यामागं तिची सून यमुना, सातवा महिना, पहिलंच. मी तिला लोहाच्या गोळ्या द्यायचे, ती त्या पदराला बांधून ठेवायची आणि विसरायची. मी तिला त्या दिवशी म्हटलं, "आता झिऱ्यावर जायचं नाही. भरपूर पाणी प्यायचं." तिनं मान डोलावली. तिनं माझं ऐकलं.

पाचव्या दिवशी वाडीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. सातव्या दिवसापर्यंत निम्मी वाडी आडवी. मी साखर-मिठाचं पाणी करून घरोघर पाजत होते, आणि ते पाणी कुठलं होतं? टँकरचं. हे लिहितानाही माझे दात आवळले जातात. उकळून घ्यायला सांगत होते, पण जळण आणायला उभं राहू शकेल असं माणूस बऱ्याच घरांत नव्हतं. यमुनाचे डोळे आत गेले, हातापायांत गोळे येऊ लागले. मनगट धरलं तर नाडी सापडेना. हिरडा न्यायला आलेल्या व्यापाऱ्याची जीप होती, तिच्यात पोती फेकून तिला घातलं. हौसाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, मी सलाईनची बाटली वर धरून. त्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मला अजून आठवतो.

यमुना वाचली. मुलगी झाली होती, सातव्या महिन्यातली. ती रडली नाही.

दवाखान्यातून मी थेट त्या आवारात गेले. त्या दिवशीच्या दुसऱ्या खेपेआधी टँकर तिथं थांबला होता. ड्रायव्हर नामदेव जेवत होता. मी चप्पल काढली आणि शिडीनं वर चढले. झाकण उघडून बॅटरी मारली. आडव्या पत्र्यांच्या मागं हिरवट काळा गाळ हातभर जाड, त्याच्यावर उरलेलं पाणी डुचमळत होतं. आणि वास, म्हशी डुंबतात त्या डबक्याचा.

नामदेव खाली येऊन उभा राहिला होता. म्हणाला, "बाई, दिवाळीनंतर ठेकेदारानं नेली व्हती ही. रस्त्यावर पाणी मारायला. वढ्यातलं, डबक्यातलं, मिळंल तिथलं भरायचा. आनून तशीच ठिवली."

"धुतली नाही?"

"मला कुनी सांगितलंच न्हाई. म्या इचारलं व्हतं. साहेब म्हनले, नर्सबाईनं तपासलीय, सही हाय."

मी वरच बसून राहिले. लोखंड तापलेलं होतं, मांड्या भाजत होत्या. बसून राहिले.

साहेबांनी अहवाल तयार करायला वेळ लावला नाही. ग्रामस्थांनी स्थानिक अस्वच्छ झऱ्याचं पाणी वापरल्यामुळे साथ उद्भवली. पुन्हा माझ्या सहीची जागा. साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "या लोकांना स्वच्छतेची सवय नसते, बाई. तुम्ही तरी किती करणार?" ज्या बाया हंडा राखेनं तीनदा घासून मग वापरतात, त्यांना! ज्या झिऱ्याचं पाणी फडक्यातून गाळून घेतात, त्यांना! मी म्हटलं, "मी सही करणार नाही. टाकी घाण होती आणि मी न बघता सही केली, असं लिहा, त्यावर करते." ते माझ्याकडे असे बघत राहिले जणू मलाच ताप चढला आहे. पुढं माझी पगारवाढ रोखली गेली, त्यांना बढती मिळाली. याचाही राग येतो, पण तो लहान राग आहे. तो संध्याकाळपर्यंत जातो.

मोठं काम वाडीत होतं. तिथं जाऊन सांगायचं होतं. चार दिवस मी स्वतःला कारणं दिली. पाचव्या दिवशी गेले. हौसाबाई ओट्यावर हिरडे पसरत होती. यमुना आत भिंतीकडे तोंड करून निजली होती. मी सगळं सांगितलं. गाळ, ठेकेदार, साहेब, चारची एसटी. सही.

हौसाबाईचे हात थांबले नाहीत. हिरडे पसरून झाल्यावर तिनं वर पाहिलं. तोवर ती मला कायम "तुमी" म्हणायची.

"म्हंजी आमी तुजी सही प्यालो," ती म्हणाली.

मला वाटलं होतं रडू येईल, पाय धरीन. काहीच झालं नाही. मी उठून चालू लागले. मागून हौसाबाई म्हणाली, "टाकी कवा काढत्यात फुडल्या साली?"

"मार्चमध्ये."

"सांगावा धाड."

पुढच्या मार्चमध्ये मी निरोप पाठवला. सकाळच्या एसटीतून सहा बाया उतरल्या. हातांत खराटे, नारळाचा काथ्या, विटांचे तुकडे. यमुनाही होती. वर्षभरात ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. वाटेत दिसली तर खाली बघून निघून जायची.

टाकी चिंचेखाली तशीच होती. झाकणाच्या कडेला गांधीलमाश्यांनी घर केलेलं, रबरी पाइप उंदरांनी कुरतडलेला. नामदेवनं धूर करून माश्या उठवल्या आणि मग तो बाजूला झाला. म्हणाला, "भोक बारकं हाय. मी जात न्हाई त्यातनं." तो खोटं बोलत नव्हता, आडव्या बांध्याचा माणूस. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. यमुनानं काही न बोलता पदर खोचला, शिडी चढली आणि पाय आत सोडले. हौसाबाईनं वरून काथ्या आणि वीट दिली.

बाहेरून आम्हाला फक्त आवाज येत होता. खर्र, खर्र. विटेचा लोखंडावर. मग ती घमेलं भरून वर द्यायची, बाया ते हातोहात खाली घ्यायच्या. गंजाचे पापुद्रे, वाळलेलं शेवाळ, सुकून भेगाळलेला गाळ. गेल्या वर्षीचा गाळ. तोही कुणी काढला नव्हता! साथ येऊन गेली, अहवाल लिहिला गेला, पुढचे दोन महिने माझ्या डोळ्यांदेखत वरवर पाणी मारून, दुप्पट पावडर टाकून टाकी फिरवली गेली, आणि पाऊस लागल्यावर ती तशीच आणून उभी केली होती. पहिलं घमेलं उलटं केल्यावर आम्ही सगळ्या त्याच्याकडे बघत राहिलो.

साहेब व्हरांड्यात आले. हे नवे साहेब, पण बोलणं तेच. "काय चाललंय? कोणाची परवानगी घेतली? बाईमाणसं टाकीत उतरवलीत, काही झालं तर जबाबदार कोण?"

मी उत्तर देणार होते. वर्षभर मनात जुळवलेलं सगळं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात टाकीतून आवाज आला.

यमुना ओरडली. त्याला शब्द नव्हते. पोटातून निघालेली एक लांब आरोळी, आणि त्या बंद लोखंडात ती अशी घुमली की टाकीचा पत्रा थरथरताना मला हाताला जाणवला. चिंचेवरचे कावळे उडाले. रस्त्यावरचा सायकलवाला पाय टेकून थांबला. मी शिडीकडे धावले, पण हौसाबाईनं माझं मनगट पकडलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "घरात तिला वरडता आलं न्हाई."

यमुना परत ओरडली. पुन्हा एकदा. साहेब पायरीवर एक पाय ठेवून तसेच उभे. मग आतून तिचा घोगरा आवाज आला, "दुसरी ईट द्या. ही झिजली."

साहेब आत गेले. पुन्हा बाहेर आले नाहीत.

दुपारपर्यंत टाकी आतून राखाडी, कोरडी दिसू लागली. यमुना बाहेर आली तेव्हा केसांपासून पावलांपर्यंत तांबडी झालेली होती, गुडघे सोलवटलेले. नामदेवनं न सांगता नवा वायसर आणला होता, कॉक खोलून बसवला, पाइपचा कुरतडलेला तुकडा कापून टाकला. पहिलं पाणी सोडलं ते लाल आलं. दुसरं पिवळसर. तिसऱ्या वेळी हौसाबाईनं ओंजळ धरली, उन्हात नीट न्याहाळली आणि ओतून दिली. "आजून येकदा." चौथ्यांदा धुतली. मग मी टीसीएल कालवलं, निवळी घातली, टाकी काठोकाठ भरली. बाया आवाराबाहेरच्या सावलीत भाकरी सोडून बसल्या. मला कुणी ये म्हटलं नाही. मी शिडीपाशी बसून माझा डबा खाल्ला.

संध्याकाळी ते पाणी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी नामदेवनं विहिरीवर ताजं पाणी भरलं. मी नळीत थेंब टाकले. लिंबाच्या सालीसारखा पिवळा रंग आला. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून मी वाडीपर्यंत गेले. चढाला ट्रॅक्टर धापा टाकत होता, मागं टाकीतलं पाणी डुचमळत होतं, बाजूला राब भाजल्याचे काळे पट्टे. मला वाटत होतं, आज तरी वाडीत जरा हलकं वाटेल.

टँकर थांबला. बाया हंडे घेऊन उभ्या होत्या, पण रांग लागली नाही. नामदेवनं पाइप मोकळा केला, तरी एकही हंडा पुढं आला नाही. पोरांनाही आयांनी हात धरून मागं ठेवलं होतं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. ज्यांनी स्वतः घासली, त्यासुद्धा.

हौसाबाईनं घरातून तांब्या आणला. पाइपखाली धरून भरला आणि माझ्यापुढं केला.

मी प्यायले. पावडरीचा वास घशात चढला. तांब्या रिकामा करून परत दिला. तिनं तो पुन्हा भरला.

"आजून."

मी प्यायले. पोट तटतटलं. नामदेव म्हणाला, "आवं, पुरं की आता, बाईला—" हौसाबाईनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिसरा तांब्या यमुनानं भरला. तिच्या नखांत अजून गंज होता. वर्षभरानं ती पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघत होती, आणि त्या नजरेत माफी नव्हती. मी ती शोधलीही नाही.

"पी," ती म्हणाली.

मी दोन्ही हातांनी तांब्या धरला आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मगच तिनं स्वतःचा हंडा पाइपखाली लावला.